मॉरोबाईंचा पंधरवडा

बार्शी,
१० नोव्हेंबर २०२५

चि. शारदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल वेदांतचा फोन आला. मुलगा तुझाच, पण आवाज अगदी रडवेला. कुठल्याशा चॅनेलवर अडेल मॉरो नावाच्या, कधीच्या मेलेल्या अमेरिकन नटीच्या जुन्या सिनेमांचा पंधरवडा चाललाय म्हणे, आणि तू रोज दुपारी दोनपासून त्यापुढे ठाण मांडून असतेस. गुरुवारी कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या जागी तेरा झाल्या आणि डाळीचा कोळसा झाला. परवा सूनबाई ऑफिसातून लवकर आली, किल्ली विसरलेली, तर वीस मिनिटं बेल वाजवत दाराबाहेर उभी. आत तू आणि तुझ्या मॉरोबाई! वा, शाब्बास!

अगं, बत्तीस वर्षं टपाल खात्यात पाकिटांवरचे पत्ते वाचून कुणाला इंग्रजी येतं का? मी छत्तीस वर्षं तो विषय शिकवला, मला त्या लोकांचं अवाक्षर कळत नाही. तुला कळतं म्हणे! आणि फोन का उचलत नाहीस? तुझ्यापायी या गुडघ्यांनिशी पोस्टाच्या पायऱ्या चढतोय.

सरळच लिहितो. असंच चाललं तर जुईलीला पाळणाघरात घालायचं आणि तुला माझ्याकडे धाडायचं, असं त्या दोघांच्या मनात आहे. तीन वर्षांची नात हवी की मेलेली नटी, ते ठरव.

माझे आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तुझी तू शोधावीस.
तुझा,
चंद्रकांत

जांबे,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. चंद्रकांतदादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वेदांत रडवेला आवाज काढायला कुणाकडून शिकला ते मी सांगायला नको. मामा आहेस तू त्याचा.

त्या मॉरोबाईंचं मला कौतुक आहे असं समजू नकोस. परवाच्या सिनेमात बाईला तीन नवरे झाले, पण एकालाही तिनं कपभर चहा करून दिला नाही. मरायला टेकली तरी भुवया कोरलेल्या. रडते तीही एकाच डोळ्यानं. पण ती जे जे बोलते ते खाली स्वच्छ छापून येतं, आणि तेवढं इंग्रजी मला पत्ते वाचून आलंय. आपल्या मालिकांत एकेक सासू पाच जणींशी एकदम भांडते, खाली एक ओळ नाही. मी आवाज पार बंद ठेवून बघते, जुईलीची दुपारची झोप मोडत नाही. यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

इथे अकराव्या मजल्यावर जो तो कानात बोंडं खुपसून दिवसभर अमेरिकेशी बोलत बसलेला. त्यांना कुणी वेडं म्हणत नाही, पगार देतात. मी दोन तास अमेरिका बघितली तर आभाळ कोसळलं.

बार्शीला मी येणार नाही. जुईली माझ्या हाताशिवाय घास घेत नाही आणि माझाही दिवस तिच्याशिवाय उजाडत नाही. ती गेली तर या घरात मला काम काय, आणि तुझ्या घरात तरी काय? लिहून ठेव.

वहिनीला नमस्कार. लोभ जरा कमी केलास तरी चालेल, उपदेश आटप.
तुझी,
शारदा

बार्शी,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. शारदा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं उद्धट पत्र तुझ्या वहिनीनं, रजनीनं, दोनदा वाचलं आणि मलाच विचारलं की, आवाज बंद ठेवून सिनेमा कोण बघतं? मी म्हटलं, माझी बहीण बघते, तिचं सगळंच उलटं. तर तिनं तू दिवाळीला इथे आली होतीस तेव्हाच्या गोष्टी काढल्या. तिनं तुला आणखी एक करंजी घेणार का विचारलं, आणि तू सांगितलंस की जुईलीचा ताप उतरला. तिनं आंघोळीला पाणी काढलं म्हणून सांगितलं, तू म्हणालीस की हो, दोनच वाजलेत. मी म्हटलं, बायकांना संशयाशिवाय अन्न पचत नाही.

मग मला आपले आण्णा आठवले. शेवटची दहा वर्षं तेही असंच काहीबाही उत्तर देत आणि वर हसत.

तू अभिमानाचं गाठोडं आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून नट्यांच्या भुवया वगळून एका ओळीत उत्तर दे. तुला ऐकू येतं का?

उत्तराची वाट बघणारा,
चंद्रकांत

जांबे,
२२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही. घे, एका ओळीत.

उजवा कान फेब्रुवारीत गेला, डावा त्याच्या मागोमाग. कुकरच्या शिट्ट्या मी डोळ्यांनी मोजते, वाफ उडाली की एक. त्या गुरुवारी जुईली कॉटवरून पडली, तिला उचलायला धावले आणि मोजणी चुकली. टीव्ही नुसता चालू होता. पण संध्याकाळी सूनबाईनं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मी मान खाली घातली. आयतीच सोय झाली! ज्यांना बाईचा बहिरेपणा नऊ महिने दिसला नाही, त्यांना नटीचं वेड आठवड्यात दिसलं. एवढी शिकलेली माणसं!

बानूबाईला मात्र चार दिवसांत कळलं होतं. ही आमच्याकडे भांड्यांना येते, घरी मेंढरं आहेत, शाळा पाहिलेली नाही. बुधवारी जुईलीनं बाथरूमची कडी आतून लावून घेतली. अर्धा तास पोर आत रडत होती आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बानूबाई तिच्याकडच्या किल्लीनं आत आली, वॉचमनला बोलावून कडी तोडून घेतली, आणि मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. तुमी आजी हाय का दगड हाय, असं तिनं विचारलं. तेवढं ओठांवरून कळलं. रविवारपातुर तुमी सांगा, न्हाईतर मी सांगनार, हेही बोटं मोजून बजावलं. तिचं काही चुकलं नाही. पोर निळी पडली होती रडून.

का लपवलं म्हणून तू तरी विचारू नकोस. आण्णांच्या पाठीमागे उभं राहून ताट वाजवायचं, ते वळले नाहीत की पोट धरून हसायचं. पहिलं ताट तू वाजवलंस, दुसरं मी. नटवेडीचा लोकांना राग येतो, बहिरीचं हसू येतं. मला राग परवडला.

वेदांतला उद्या मीच सांगते. तू मधे पडू नकोस.

तुझी,
शारदा

जांबे,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल आधी सांगते. येत्या सोमवारपासून जुईली पाळणाघरात. शनिवारी मला कानाच्या डॉक्टरकडे नेणार, मशीन लावणार. त्यानं भागलं तर मी इथे, नाही तर बार्शीला. मोबाइलवर टाइप करून वेदांतनं मला तसं दाखवलं. आधी का नाही सांगितलंस, याच्यापुढे तीन प्रश्नचिन्हं होती. पाळणाघराचं मला पटलं, दादा. त्या कडीनंतर मीही तिला माझ्याकडे ठेवली नसती. पटलं म्हणून काही कमी रडले नाही.

तोंडी सांगितलं असतं तर त्याचं बोलणं मला कळलं नसतं, म्हणून त्यालाही पत्रच लिहिलं. एकाच घरात, बिनतिकिटाचं. रविवारी चहा झाल्यावर पुढ्यात ठेवलं. त्यानं वाचलं, सूनबाईनं वाचलं. मी समोरच खुर्चीवर बसले होते. तो माझ्याकडे बघेल, हाताला धरेल, निदान रागावेल तरी, असं मला वाटलं होतं.

तो उठला, सूनबाईला घेऊन खिडकीपाशी गेला. मला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे पाठ केली आणि तिच्या कानाशी लागून हलक्या आवाजात पाव तास बोलत राहिला.

लोभ असू दे.
तुझी धाकटी,
शारदा