आयझिरेकची गाडी आणि दारातल्या चार पायऱ्या

प्रिय आई,

तुमच्याकडे अट-बाशीला अजून बर्फ असेल. इथे अल्माटीत रस्त्याकडेच्या उघड्या पाटांना पाणी सुटलंय आणि माझं डोकं फिरलंय. काल आयझिरेकच्या गाडीचं चाक पुन्हा पाटात गेलं. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये हातभर रुंद पाट, त्यावर एक फळी टाकायचं कुणाला सुचत नाही. परक्या देशात आलोय, गप्प बसावं, असं तुझा जावई बोलोत म्हणतो. त्याचं काय जातं? तो कामावर असतो, मुलगी आणि गाडी दोन्ही उचलते मी.

भुयारी रस्त्याचं तर विचारूच नकोस. पायऱ्यांवर गाड्यांसाठी म्हणून दोन लोखंडी पट्ट्या ठोकल्यात. उतार घसरगुंडीसारखा, आणि पट्ट्यांमधलं अंतर कुठल्याच गाडीच्या चाकांना जुळत नाही. सहा अर्ज केले तेव्हा कुठे पालिकेचे एक साहेब पाहायला आले. पट्ट्या आहेत म्हणजे सोय आहे, असं त्यांनी कागदावर लिहूनही टाकलं. मी मुलीला कडेवर घेतलं आणि रिकामी गाडी त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या पायरीवर ती सुटली आणि आपटत तळापर्यंत गेली. त्यावर म्हणतात कसे, "ताई, एवढी घोडी झालीये पोरगी, चालवत का नाही तिला?"

मी त्यांना नाही नाही ते बोलले आणि घरी येऊन रडले. त्यांच्यामुळे नाही, आई. हेच तू तीन वर्षं फोनवर म्हणतेस, जरा गोड आवाजात. ती चालायला लागली की आपल्या रीतीप्रमाणे तिच्या पायात काळी-पांढरी दोरी बांधू, गल्लीतली मुलं शर्यत धावतील, पहिला येईल तो दोरी कापेल, पोरीची वाट मोकळी होईल. दोरी तू वळूनही ठेवलीस. मी दर वेळी हो म्हणत गेले.

आयझिरेक चालणार नाही. डॉक्टरांनी गेल्या उन्हाळ्यातच सांगितलं. फोनवर माझ्या तोंडून निघेना, म्हणून लिहितेय. जूनमध्ये आम्ही येतोय. ती पाच वर्षांची झाली, आता थांबायचं नाही. दोरी बांधायची, शर्यत लावायची, कापायची, आणि कुणी डोळे पुसायचे नाहीत. बाबांना सांग, दारातल्या चार पायऱ्यांवर फळ्यांचा उतार करा आणि रिकामी गाडी स्वतः चढवून बघा. नातीला उचलून आत नेऊ म्हणाल, तर मी दारातूनच परत फिरेन. तिची वाट मोकळी करायचीय ना, मग आधी आपल्या दारातली करा.

तुझीच, तुझ्याएवढीच हट्टी,
नुरझात