हरणाऱ्या टीमचा टीव्ही

मी, आफताब इब्राहिम परकार, वय ५४, मूळ जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम ओल्ड एअरपोर्ट, दोहा, येत्या रविवारी हृदयाच्या ऑपरेशनला जात आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना शंका आहे. डोक्याबद्दल फक्त माझ्या मेहुण्याला. हे मी राजीखुशीने लिहीत आहे.

१. मालमत्तेचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे बायको हजरा आणि मुलगा जैद यांचे. तिथे माझी जीभ चालत नाही. उरलेल्या तिसऱ्या हिस्स्यात चालवून घेतो.

२. हॉलमधला मोठा टीव्ही शेजारच्या शोभाताईंना. जैद अमेरिकेत कॉलेजच्या टीमकडून खेळतो. तिथला फुटबॉल बहुतेक हातानेच खेळतात. किक मारायचं काम जैदचं. गेल्या वर्षी टीम जिंकत होती, चॅनेल मॅच दाखवत होतं, आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या दाराशी चपला काढायला जागा नसे. सांदणं वाफवून हजरा दमली. यंदा जैदच्या किका चुकल्या, टीम हरत सुटली. आधी चॅनेलने मॅच सोडली, मग पाहुण्यांनी. आता त्याच टीव्हीवर ॲप लावून बघतो.

शोभाताई मात्र मेथी निवडत बसतात. "आपला कुठला हो?" हे दर वेळी. एकदा मी वैतागून बंद करायला उठलो, तर म्हणाल्या, "आफताबभाई, पोरगं हरलंय, पळालेलं नाही. राहू द्या चालू."

३. मेहुणा तनवीर याला माझा कॅरम. त्याला जिंकणाऱ्याचीच संगत लागते; कॅरममध्ये तो समोरच बसलेला असतो, सोय होईल. "यल्ला दुल्हाभाई, खलास! दुसरी टीम धरा," असं म्हणून तो अर्ध्या मॅचमधून उठला. सांदणांचा डबा मात्र विसरला नाही.

४. जैद, तू फोनवर म्हणतोस, "अब्बा, प्लीज डोन्ट वॉच." बेटा, स्कोअर बघायला मी बसत नाही. किक झाल्यावर तू हेल्मेट काढतोस, तेवढाच तुझा चेहरा दिसतो. माझ्यामागे तो बघणारं कुणीतरी हवं. तुझी अम्मी ऐन किकेला डोळे मिटते, म्हणून तिला बघणाऱ्यांत धरता येत नाही. शोभाताईंनी टीव्ही नेल्यावर मॅचला तिलाही शेजारी बसवावं आणि मॅच संपेपर्यंत उठू देऊ नये. एवढी एकच अट.

वाचून, समजून सही केली.

आफताब इब्राहिम परकार
दोहा, १६ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. उमैर दाऊद खतीब
२. तनवीर हसन मुकादम (कलम तीन वाचलं. कॅरम नको. दुल्हाभाई, परवा शनिवारी येतोय, शेवटपर्यंत बसेन.)