दाराकडे पाठ

१४ ऑक्टोबर

प्रिय डेसी,

तू, मुलं आणि मम्मा, सगळे बरे असाल. मीही बरा आहे. इकडे थंडी पडली. जाड मोजे मिळाले, उपकार झाले.

घराजवळच्या तुरुंगात बदली कधी, असं तू विचारलंयस. सांगतो. आधी इथे तुरुंगात चालतं त्या कॉलेजचं ऐक. पहिल्या दिवशी मिसेस कॅप्लन म्हणाल्या, "बसा हवं तिथे." आम्ही सगळ्यांनी खुर्च्या ओढून भिंतीला लावल्या. तुरुंगात दाराकडे पाठ करून कोणी बसत नाही, जिवावर बेततं. बाई मध्ये एकट्याच उभ्या! म्हणाल्या, "अहो, मी इतिहास शिकवणार आहे, नाच नाही." आणि मलाच पुढे, दाराकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसवलं.

त्या तासाला मला एक अक्षर वाचता आलं नाही. मागे कुणाची खुर्ची सरकली तरी मी वळून बघायचो. तरी पुढच्या तासाला मी तिथेच बसलो. माझा निबंध बाईंनी लाल शाईने भरून टाकला आणि खाली लिहिलं, 'पटलं नाही. पुन्हा भांडा.' माझ्याशी असं कोणी कधी भांडलं नव्हतं गं.

मला भेटायला येताना घालायची म्हणून मम्माने चर्चची निळी टोपी आत्ताच कपाटातून काढून ठेवलीय, हे तुझ्या पत्रात वाचलं. डायलिसिसमुळे तिला इथवरचा बसप्रवास झेपत नाही, आणि तो तुरुंग घराच्या इतका जवळ. बदलीसाठी तिने किती अर्ज केले! पण तिथे कॉलेज नाही. गेलो की इथली जागा दुसऱ्याला, आणि पदवी विसरायची.

माझ्या कोठडीतला ओटिस म्हणाला, "काय प्राध्यापक, आई मोठी की इतिहास?" मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो.

डेसी, मी बदली नाकारली. सोमवारी सही केली. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" तेव्हापासून भीती जात नाही. मधेच तिला काही झालं तर? आणि इतकं करून मी नापास झालो तर?

मम्माला तू काही सांगू नकोस. रविवारी फोन करेन, तो तिच्याच हातात दे. "कधी येतोस?" असं ती विचारेल, तेव्हा मीच सांगेन. टोपी मात्र तू उचलून ठेवू नकोस. ठेवायची की नाही, ते तिलाच ठरवू दे.

अजून इथलाच,
तुझा भाऊ, विन