बेळगावपर्यंतचा गुडघा

१६ नोव्हें., रवि.
लांबची धाव. बाजारकुणंगच्या उतारावर डावा गुडघा बाहेरच्या बाजूनं दुखायला लागला. आधी टोचल्यासारखं, मग पाय टेकवेना. तरी रेटलं. हट्ट बाबांचा, गुडघाही त्यांचाच असणार.
दूधवाल्यानं गाडी आडवी घातली. कुठं, कशाला, बस मागं. बोलायला दम नव्हता आणि डोळ्यांत पाणी. मान हलवली. तो काय समजायचं ते समजून पुढं गेला.
लंगडत घरी पोचते तो अंगणात बायका. एकीकडे भाकऱ्या, दुसरीकडे पिठल्याचं पातेलं. मयताच्या घरी चूल पेटवायची नाही ना, म्हणून. मला रडत पळताना पाहून दूधवाल्यानं खानापूरला माझे बाबा गेले असं गावभर केलं होतं. सासूबाई तोंडाला पदर लावून बसलेल्या. बाबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. ठणठणीत.
"रडलं कोण कोण?" त्यांनी विचारलं. सासूबाईंचं नाव सांगितलं. फार खूश झाले.
पिठलं झकास होतं. दोन्ही वेळा तेच खाल्लं.

१७ नोव्हें.
सासूबाई रागावलेल्या. एकदाच म्हणाल्या, "आमच्यात कारण असल्याबिगर कोण पळत न्हाई."
कारण काय सांगू? शाळेत असताना मी पळायचे आणि बाबा सायकलवरून मागं. लग्नानंतर राहून गेलं. कुणी अडवलं नाही, राहूनच गेलं. यंदा चाळिशी, म्हणून बेळगावच्या जानेवारीतल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीला नाव घातलं. बाबा बघायला येणार म्हणालेत. ऐंशी उलटली, हृदय अशक्त, पुढच्या वर्षाचं कोण सांगणार. मला त्यांना एकदा पळून दाखवायचंय. हे सासूबाईंना सांगायला गेले आणि भांडी घासून परत आले.

२१ नोव्हें.
बेळगाव, डॉक्टर. हाड शाबूत. मांडीच्या बाहेरचा पट्टा ताठलाय, तो गुडघ्यावर घासतो. कुशीवर झोपून पाय उचलायचे. आणि उतार बंद.
म्हटलं, जोयडा तालुक्यात उतार बंद म्हणजे घराबाहेर पडणं बंद. हसला नाही. जानेवारीत पळता येईल का, तर "बघू". डॉक्टरांच्या तोंडचा हा शब्द मला मुळीच आवडत नाही.

२९ नोव्हें.
पळणं नाही, म्हणून सगळ्यांवर चिडचिड. प्रकाशवर तर विनाकारण. नवरा म्हणून तेवढं सोसतो बिचारा, टेंपो काढून रामनगरला निघून जातो.
दुपारी सासूबाई निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून घेऊन आल्या. न विचारता गुडघ्याला बांधला. खरबरीत हात, पण बांधणं इतकं हलकं की कळलंही नाही.
"बाबास्नी बघायला बोलावलंयस म्हणं," त्या म्हणाल्या. प्रकाशनं सांगितलेलं दिसतंय. मग बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. आईची आठवण आली. आई असती तर तिनंही एवढंच केलं असतं.

७ डिसें., रवि.
भात कापून झालंय. सकाळी खालच्या शेतात प्र. आणि सासूबाई वाकून काहीतरी करत होते. जाऊन बघते तर बांधाच्या कडेनं शेतभर धसकटं छाटून वाट केलेली. सासूबाईंच्या हातात विळा.
"उतार न्हाई, धोंडा न्हाई. आता पळ कितीबी," म्हणाल्या.
मळणीच्या बैलासारखी गोल गोल फिरले. दुखलं नाही! प्र. बांधावर बसून शेंगा खात होता. मला त्या दोघांची एवढी माया आली की थांबताच येईना.

२८ डिसें.
आज जास्त पळले. शेवटी शेवटी पुन्हा तीच जागा. पूर्वीइतकं नाही, पण आहे. दाबलं की कळतं.
बाबांचा फोन. गुडघा कसा आहे? बरा आहे म्हटलं. "व्हय काय," एवढंच म्हणाले. बाबांना माझं खोटं लहानपणापासून पाठ आहे.

११ जाने.
डॉक्टर पुन्हा म्हणतो बघू. अर्धं अंतर नक्की जमेल, पुढचं गुडघा सांगेल. प्र. म्हणतो जा. सासूबाई म्हणतात पाला बरोबर ने. मला बाबांच्या समोर लंगडायचं नाही. बाकी कशाचंच भय नाही, त्याचंच आहे.

१७ जाने., शनि., खानापूर
उद्या. दादाच्या घरी उतरलेय, पहाटे त्याच्याच गाडीनं बेळगाव. बाबा फार वाळलेत. मनगट हातात धरलं तर माझी बोटं सहज भेटली.
गुडघ्याचं खरं ते सांगून टाकलं. त्यांनी दादाला बोलावून सांगितलं, "मला शर्यतीच्या शेवटाला नेऊ नको, माझी खुर्ची अर्ध्या वाटेवर टाक." दादा म्हणाला, अहो, सगळे शेवटाला थांबतात. ऐकेनात.
मग मला जवळ बसवलं. "दुखूलंय वाटलं तर माझ्यापाशी थांब. गाडी हाय, दोघं घरी येऊ. आणि न्हाई दुखलं तर माझ्याकडं बघू नको, पोरी. सरळ पुढं जा."
बरं म्हटलं.
गुडघ्याला पाला बांधलाय. बॅग भरून झालीय. पण त्यांच्यासमोरून जायचं आणि त्यांच्याकडं बघायचं नाही, हे मला कसं जमणार.