बोर्ड बदलला, आतलं तेच

प्रिय शांभवी,

तुझ्या आप्पांना नारळ फोडायला अख्खी शिरोली मोकळी होती, तर फोडला कुठं? कॉम्प्युटरच्या डोक्यावर! खंडेनवमीला सगळी जण मशीनच्या पुढ्यात फोडत्यात. ह्यांनी पेटीवरच आपटला. वरच्या भोकातनं पाणी आत, चर्र झालं आन् पडदा काळा. घ्या परसाद, म्हटलं मी. तर माझ्यावरच खेकसले, दिवा का हलवलास म्हणून.

तवापासनं आपल्या वजनकाट्यावर येणाऱ्या ट्रकच्या वजनाच्या पावत्या हातानं लिहायला लागलेय. ड्रायव्हर माझं अक्षर बघून हसत्यात. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर असलंच असतंय पावणं, वजन बघा, म्हणून गप करते.

मग तुझ्या वर्गातला सम्राट आला. आता तो कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. म्हणाला, मदरबोर्ड जळलाय, डिस्क शाबूत हाय. मी आधीच दटावलं, आतलं काय पुसायचं न्हाय, काट्याचा प्रोग्राम शांभवीनं बसवून घेतलाय, तो बसवणारा आता कुठं हाय कुणाला ठावं. तो म्हणाला, काकू, पुसायला कशाला लागतंय? हीच डिस्क नव्या बोर्डाला लावू, तिची ती जमवून घेत्या. लावली. लई वेळ नुसतं गोल गोल फिरत होतं, मला वाटलं मेलं. मग उघडलं की गं! तोच कळंब्याच्या तळ्याचा फोटो, खाली तुझं नाव. मी उगंच काचेवरची धूळ पुसत बसले.

पण आत सोडंना. रोजचा पिन घातला तर आता हा चालायचा न्हाय म्हणतंय. बोर्ड बदलला म्हणून त्याला संशय आला म्हणं. ज्याचं खातं त्याच्या फोनवर कोड जाणार. पडद्यावर नुसत्या फुल्या, आन् शेवटी दोन आकडे. तुझेच. तुझा नंबर माझ्या फोनातनं आप्पांनी पुसला, ते दोन तेवढे ध्यानात ऱ्हायलेत. तू तुझ्या मनानं लग्न केलंस तवापासनं ह्या घरात तुझं नाव काढायचं न्हाय, आन् मशीन तर तुलाच विचारायला लागलं! आप्पा उठून बाहेर गेले. परत आले ते सम्राटला म्हणाले, शनवारी ये, सगळं पुसून नवीन घाल. प्रोग्राम जाईल म्हणाला पोरगा. जाऊ दे, म्हणाले.

फोन का केला न्हाईस म्हणशील. तुझ्या मैत्रिणीनं, तेजस्वीनं तुझा पत्ता दिला, नंबर देईना, तू बजावलंयस म्हणाली. आन् दिला असता तरी माझा फोन आप्पांच्या खिशात असतोय. सकाळी ह्यांच्या गाडीवर मागं बसून यायचं, सांजला तसंच घरी जायचं. भाजी आणायलासुद्धा हे संगं. काट्यावरच्या केबिनची खिडकी हातभर. तिच्यातनं पावती बाहेर जात्या, मी न्हाय. तू होतीस तवा भांडायला कोणतरी होतं.

आता खरं सांगते. कोडाचं निमित्त हाय. पुसू देत, काटा त्यांचा हाय. पण सम्राट काम करत होता तवा मी बघत होते. पेटी जळली तरी डिस्क काढली, दुसरीकडं लावली, एक अक्षर न पुसता चालू झाली. तवापासनं दुसरं काय सुचंना. मला तुझ्याकडं यायचंय. स्वयंपाक करीन, तोंड पण चालवीन, जावयाला आधीच सांगून ठेव. ह्या वयात मला नवीन करायला जाऊ नगंस. हाय तशी घेशील का? शनवारी आप्पा सम्राटसंगं केबिनमध्ये असणार, मला घरी थांबायला सांगितलंय. असली सुट्टी परत मिळायची न्हाय. सम्राटचा नंबर पाठीमागं लिहिलाय, पत्र पण तोच टाकणार हाय. शुक्रवारी सांजच्या आत त्याला फोन कर. व्हय का न्हाय, तेवढंच सांग. पिशवी भरायची का नको, मला कळाय पायजे.

तुझीच,
अव्वा