बासष्ट टक्क्यांवर अडकलेला आहेर

आप्पा, तुम्ही काहीही म्हणा, दोष त्या कम्प्युटरचाच होता. माझा नव्हता. "यंत्राला नावं ठेवू नको, आपला घास लहान कर," हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंय की इथं क्रेनचा पट्टा अडकला तरी माझ्या कानात तेच वाजतं. पण चार जीबीची रॅम, कुणाच्या तरी ऑफिसातनं निघालेला जुना डबा, त्यात तीन तासांच्या लग्नाचं शूटिंग कोंबायचं, आणि हँग झालं की आईला सांगायचं, "पोराला धीर न्हाय." धीर नव्हता, कबूल. नववीतनं शाळा सोडली ती काय धीर होता म्हणून सोडली का? पण धीरानं रॅम वाढत नसते. तुम्ही गेलात म्हणून हे भांडण मिटलं असं समजू नका. दहा वर्षं झाली, माझ्या बाजूनं ते चालूच आहे.

मी सध्या कच्छात आहे. त्याआधी हैदराबादला जेसीबीवर होतो, त्याआधी पुण्यात हॉटेलात, मधली चार ठिकाणं सांगत नाही, तुम्ही चिडाल. आपल्या येरमाळ्याजवळच्या वाशीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी सायकल टाकून बघत बसायचो ना, आता तसल्याच इथं उभ्या करणाऱ्या टोळीत आहे. काम झकास आहे. गंमत म्हणजे वारा जास्त झाला की क्रेन चालवत नाहीत. म्हणजे पवनचक्कीच्या कामाला वाऱ्याचीच सुट्टी. गेल्या आठवड्यात अशी सलग दोन दिवस सुट्टी मिळाली, आणि त्या दोन दिवसांत मी घरी येरमाळ्याला न येता तुमच्या व्हिडिओ स्टुडिओच्या खोलीत बसून काम केलं. कसं ते सांगतो, तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

तुमची धाकटी आठवते तुम्हाला? तुमच्या मांडीवर बसून माउस फिरवायची ती. आता चांगली वीस वर्षांची झाली. गेल्या वर्षी तिनं तुमच्या कॅमेऱ्याची बॅग उघडली आणि आईला म्हणाली, "मी लग्नं करणार." आईला वाटलं स्वतःचं म्हणते. उलगडा झाल्यावर आई म्हणाली, "एक ऑर्डर घे. वेळेवर दिलीस तर खोली तुझी. न्हाय जमलं तर बी-बियाण्याच्या दुकानवाल्याला मी भाड्यानं शब्द दिलाय." आईचा शब्द कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगू. पोरीनं एक लग्न धरलं, मुलाकडचे कळंबचे. शूटिंग छान केलं. त्यांच्या घरी शुक्रवारी गोंधळ होता, तेव्हा सगळ्या पाव्हण्यांसमोर पडदा लावून लग्न दाखवायचं होतं. तोवर पेनड्राइव्ह हातात पाहिजे. आणि बुधवारी सकाळी तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "दादा, पुरं लग्न जोडलंय. शेवटी फाइल काढायला लावली की बासष्ट टक्क्यांवर जातं आन् सॉफ्टवेअर आपोआप बंद पडतं. चारदा झालं."

मी आधी तेच म्हणालो जे तुम्हाला म्हणायचो. "तो डबा भंगारात घाल." ती म्हणाली, "घालते, आन् शुक्रवारी काय, पडद्यावर मी नाचू?"

मग मी पत्र्याच्या आडोशाला बसलो, व्हिडिओ कॉल लावला, आणि तिला फोन कम्प्युटरच्या तोंडासमोर धरायला सांगितला. तो दिसला आणि आप्पा, खरं सांगतो, मला लई बरं वाटलं. तोच पिवळा पडलेला डबा, बाजूचा पत्रा काढलेला, आणि उघड्या पोटावर तुमचा तोच टेबल फॅन. तुम्ही घामानं निथळत बसायचा आणि वारा कम्प्युटरला. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "माणसाला वारा न्हाय, डब्याला वारा. जन्माला यावं तर ह्या घरात डबा होऊन." तुम्ही हसायचा आणि सांगायचा, हा तापला तर लग्न मोडंल. सकाळी आठला फाइल काढायला लावायची, दुपारी लाईट जायच्या आत एक तुकडा उरकायचा. हळद एक तुकडा, अक्षता एक तुकडा, पंगत एक तुकडा. मग शेवटी सगळे तुकडे सांधायचे. पूर्ण लग्न एका दमात काढायला ह्याच्या अंगात बळ नाही, हे तुम्ही मान्य केलेलं होतं, आणि वर त्याचा तुम्हाला अभिमान होता. रॅम म्हणजे ओटा, म्हणायचा. ओटा लहान असला की स्वयंपाक होत नाही असं नाही, एका वेळी एकच परात मांडायची.

तर धाकटीलाही तेच करायला लावलं. हळद निघाली. अक्षता निघाल्या. पंगत निघाली. आहेराला आली आणि धाडकन बंद. आता दुखणं कुठं ते कळलं. आहेर.

हा शब्द ऐकला आणि माझा डावा गाल गरम झाला. तुम्हाला आठवतंय ना? मी सतरा वर्षांचा असताना चाळीस मिनिटांचा आहेर आठ मिनिटांत बसवला होता, वरून गाणं, माणसं भराभर येतायत, टॉवेल-टोपी घेऊन पळतायत. मला वाटलं काय कला केली. चौथ्या दिवशी वाशीचे एक काका मोटरसायकलवर दारात. हातात सीडी. "माझा टॉवेल कुठं हाय?" तुम्ही म्हणाला, "पाव्हणं, बसा तरी." ते म्हणाले, "बसायला न्हाय आलो. दोनशे रुपयाचा टॉवेल दिला, चार माणसांत दिला. ह्यात मी हाय व्हय? हे काय हाय, वारं?" तुम्ही त्यांना चहा पाजला, ते गेले, मग तुम्ही माझ्या कानाखाली काढली. एकच. आणि म्हणालात, "आरं लेका, नवरदेव कापला तरी चालंल, आहेर कापू नगं. बाकीच्या लग्नात ती माणसं गर्दीत असत्यात. त्या एका घटकेला ती एकटी उभी असत्यात, नीट बघत्यात कॅमेऱ्याकडं. ती घटका त्यांची हाय." मग तीन दिवस तो आहेर पुन्हा जोडला, आणि नवी सीडी द्यायला मला एकट्याला वाशीला पाठवलं. काकांनी पुरणपोळी जेवू घातली आणि पूर्ण आहेर मला बसवून दाखवला, स्वतःच्या टॉवेलपाशी दोनदा थांबवून.

असो. धाकटीच्या आहेरात सोळा तुकडे होते, काही तिच्या कॅमेऱ्याचे, काही पाव्हण्यांनी आपापल्या फोनवर काढून पाठवलेले. ती म्हणाली, एकेक काढून बघते. मी म्हणालो, थांब, आप्पा मोटारी दुरुस्त करायचे तेव्हा केबल कशी शोधायचे? ती तेव्हा नव्हतीच. मग मी तिला सांगितलं: विहिरीपासून विजेच्या डांबापर्यंत केबल पुरलेली असायची, आत कुठं तुटलीय कळायचं नाही. आप्पा मधोमध खणायचे, टेस्टर लावायचे. इथवर करंट येतोय? म्हणजे तुटलंय पुढच्या अर्ध्यात. मग त्याचा मध्य. पूर्ण रान खणायची गरज नाही. "तसंच कर. आठ तुकडे बंद ठेव, आठाची फाइल काढ."

पहिले आठ निघाले. म्हणजे चोर दुसऱ्या आठात. मग चार, मग दोन. प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं. मधल्या वेळात आई फोनमध्ये डोकावायची, "जेवलास का? वाळलास." धाकटी ओरडायची, "आई, कॅमेऱ्यासमोरनं सरक, मला टक्का दिसत न्हाय." इकडं माझ्याभोवती टोळीतली पोरं जमली, एक बिहारचा, दोन राजस्थानचे. कुणाला मराठी येत नाही, पण टक्का वाढला की सगळे ओरडायचे. चौथ्या वेळेला चोर सापडला. नऊ सेकंदांचा तुकडा. नवरीच्या भाच्यानं नव्याकोऱ्या महागड्या फोनवर काढलेला. चित्र असं की काच पुसल्यासारखं, पण आपल्या डब्याला ते उलगडताच येत नव्हतं. बिचारा तिथं येऊन घास अडकल्यागत गुदमरायचा.

मी म्हणालो, "उडव. नऊ सेकंदं कुणाला कळत्यात."

ती म्हणाली, "दादा, नवरीची आत्या हाय. कळशी दिलीय. पोरीला कळशी देऊन पदर सावरून उभी ऱ्हायलीय, ह्या एकाच तुकड्यात हाय ती. माझ्या कॅमेऱ्यात आलीच न्हाय, तवा मी बॅटरी बदलत हुते."

"मग?"

"मग उडव म्हणतोस तू! टॉवेलवाल्या काकाकडं जेवून तू आलास, मी न्हाय."

तुम्ही तिला हे कधी शिकवलंत आप्पा? ती तर तेव्हा दहाची पण नव्हती. मग उपाय तिनंच काढला. तेवढा एकच तुकडा बाहेर घेतला, एका फुकटच्या छोट्या प्रोग्राममध्ये टाकून साध्या जुन्या प्रकारात बदलला, चित्र थोडं बारीक केलं, आणि परत त्याच्या जागी बसवला. मग आहेर बाकीच्या तुकड्यांना सांधून पुरं लग्न लावलं. साठ. एकसष्ट. बासष्ट. बासष्टला तो थांबला आणि बिहारवाल्यानं हात जोडले. त्रेसष्ट. आप्पा, त्या उजाड माळावर आम्ही असे ओरडलो की सुपरवायझर धावत आला, कुणी वरनं पडलं की काय म्हणून.

शुक्रवारी कळंबला पडदा लागला. धाकटीनं गर्दीतनं फोन वर धरला आणि मी इथनं बघितलं. संबळ थांबला होता, पोरं पुढं बसली होती. आत्याची कळशी आली तशी बायकांतून एकच आरोळी, "आत्याऽऽ!" आत्या पदरात तोंड लपवून हसत होती. घरी आल्यावर आईनं बी-बियाण्यावाल्याला फोन केला. "खोली रिकामी न्हाय," एवढंच म्हणाली. तुमची पाटी पुसून परत लावलीय. खाली रंगानं धाकटीनं स्वतःचा मोबाइल नंबर घातलाय, अक्षरं तुमच्यासारखीच वाकडी.

आता मुद्द्याचं. परवा ती म्हणाली, "दादा, पुढच्या महिन्यात दोन लग्नं आलीत. आप्पांनी ड्रॉवरात एक रॅमची पट्टी जपून ठेवलीय, कागदात गुंडाळून. दसऱ्याला तिला पण हळदीकुंकू लावायचे, आई म्हणती. लावून बघू का?" मी "नको!" म्हणून इतक्या जोरात ओरडलो की ती घाबरली. "बसत न्हाय ती ह्या बोर्डाला," म्हणालो. "व्हय, आप्पा बी तसंच म्हणायचे," ती म्हणाली. आणि तेव्हापासून मला चैन नाही.

आप्पा, तुम्ही मला अठराशे रुपये देऊन रॅम आणायला उस्मानाबादला पाठवलं होतं ना (आता त्याला धाराशिव म्हणतात), तेव्हा बस उस्मानाबादला थांबली आणि मी उतरलोच नाही. खिडकीतनं बघत राहिलो. थेट सोलापूर. दोन सिनेमे बघितले, बिर्याणी खाल्ली, एक गॉगल घेतला जो तुम्ही कधी बघितला नाही. उरलेल्या पैशातनं भंगारवाल्याकडून तीस रुपयाला एक मेलेली पट्टी घेतली. तुम्ही ती लावली, कम्प्युटर तीनदा टीं-टीं ओरडला आणि चालू झाला नाही. मी म्हणालो, दुकानदार सांगत होता, ह्या बोर्डाला जास्त रॅम बसत नाही, आणि फोडलेला माल परत घेत नाहीत. तुम्ही थोडा वेळ पट्टीकडं बघितलंत आणि म्हणालात, "बसत न्हाय तर न्हाय. मग आपणच घास लहान करू." ते वाक्य त्या दिवशी जन्मलं. त्याआधी तुम्ही कधी म्हणाला नव्हता. म्हणजे कम्प्युटर कमजोर राहिला तो माझ्यामुळं, आणि मी त्याच्यावरून दहा वर्षं तुमच्याशी भांडतोय. त्या बोर्डाला एक खाच रिकामी आहे आप्पा. तेव्हाही होती. बसते.

हे कामाच्या तपासणीच्या कागदांच्या पाठीवर लिहिलंय, टूल बॅगेच्या तळाशी ठेवणार. धाकटीला दाखवणार नाही. तिला मी खरं सांगितलेलं नाही, "आता नवीन प्रकारची निघालीय, ती बसते" एवढंच म्हणालो. तिनं लगेच धाराशिवला फोन करून भाव काढला. अठराशे तुमचे, वरचे आठशे तिनं कशावर उडवायचे ते तिनं ठरवावं. उद्या सकाळी रेंज आली की पाठवतो, दोन हजार सहाशे रुपये.