काढलेल्या नावाला आलेले फोन

प्रिय धांदरटबाई,

तुझा चार्जर, एक मोजा आणि चष्म्याचं घर इथेच राहिलं. घरात चष्मा नाही, म्हणजे तो आणखी कुठेतरी विसरली असशील. असली पोर हजारो कारागिरांची नावं सांभाळते म्हटल्यावर माझा संगणकावरचा विश्वासच उडाला. अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, म्हणून मी बोलते आहे आणि खालच्या मजल्यावरची शिंपीण लिहिते आहे. मध्येच हसून तिने अक्षर वाकडं काढलं, तर मला बोलू नकोस.

त्या दिवशी तू जेवत असताना माझा फोन वाजला आणि कुणीतरी शिलाई मशीनचे मेकॅनिक आहेत का विचारलं, तेव्हा तुझा चेहरा उतरला. आजोबा गेल्यावर तुमच्या कारागिरांच्या वेबसाइटवरून त्यांचं नाव तूच तर काढलं होतंस. काढलं म्हणजे खोडलं नव्हतंस. तुमच्या रीतीप्रमाणे नोंद तशीच ठेवून तिच्यावर काढल्याच्या तारखेची खूण केली होतीस. यादीत ते दिसत नव्हते, पण मशीन दुरुस्ती म्हणून शोधलं की पहिले तेच. शोधाकडे सगळ्या नोंदींची स्वतःची वेगळी नक्कल असते, असं तू मला ताट बाजूला सारून समजावलंस. खूण असलेली नावं दाखवू नकोस, असं तिला बजावलंस. तरी आजोबा हजर. तासभर पुटपुटत बसलीस आणि मग कपाळावर हात मारलास. वगळायला सांगितलं खरं, पण ती खूण नकलेपर्यंत कधी पोचलीच नव्हती, मग ती नक्कल बिचारी वगळणार काय? खुणेसकट सगळी नक्कल नव्याने भरलीस, पुन्हा शोधलंस, आणि आजोबा दिसेनासे झाले. मग तू अर्धं जेवण टाकून पळालीस. परवा फोनवर रडून माफी मागितलीस, की ऐन दुःखात सात महिने परक्या माणसांनी आजीला छळलं ते माझ्यामुळे. आता आजीला तोंड कसं दाखवू म्हणून यायचंही टाळते आहेस.

आता माझी लबाडी ऐक. आजोबांना कमी ऐकू यायचं, म्हणून तिथे नंबर माझाच दिलेला. ते गेल्यावर महिनाभर मी कुणाशी धड बोलले नाही. तुझी आई घास पुढे करून थकली. मग एका बाईचा फोन आला, की मशीन टाके सोडतंय आणि चाळीस गणवेश उद्या द्यायचेत. ते आता नाहीत, असं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच: सुई बदललीत का? चाळीस वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हेच विचारायचे. बदलली होती, पण उलटी बसवली होती. मी सांगितलं तशी फिरवली आणि मशीन चालू झालं. कुठे राहता विचारलं, तर बाई आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. तीच ही, लिहिणारी. ती राहायला आल्यापासून तीन महिने आम्ही एकाच जिन्याने चढत-उतरत होतो आणि एकमेकींना ओळखत नव्हतो. त्यानंतर प्रत्येक फोनला मी आधी सांगायचे की ते गेले, आणि मग सुईचं विचारायचे. दर वेळी ‘ते गेले’ असं म्हणणं थोडं सोपं होत गेलं. तुला सांगितलं असतं तर तू लगेच दुरुस्त करून टाकलं असतंस, म्हणून गप्प बसले.

म्हणून हे पत्र. तुझी माफी मला नको, उलट आभार माझेच घे. तुझ्या चुकीने मला बोलतं केलं. ती दुरुस्त केलीस तेही चांगलं केलंस. गेलेल्या माणसाला किती दिवस कामाला लावायचं? त्यांची नोंद मात्र खुणेसकट असू दे, कायमची पुसू नकोस. आणि आता एक नवी नोंद कर, माझ्या नावाने: शिलाई मशीनचा सल्ला फोनवर, दुपारच्या झोपेची वेळ सोडून. रविवारी सामान न्यायला ये आणि त्या दिवशीचं अर्धं जेवण पुरं कर. तोवर बिनबियांचे मऊ खजूर पाठव, आणि दोन पाकिटं पाठव, कारण ही बाई लिहिता लिहिताच तिचं मागते आहे.

तुझीच, सुई बदललीस का विचारणारी,
आजी